खडेबोलकरांची मुकी दुपार

१

दगड कुणाच्या हातून सुटला ते शेवटपर्यंत कळलं नाही. पण तो कुणाच्या शब्दावरून सुटला, याबद्दल शहरात कुणालाही शंका नव्हती.

गुरुवारी भर दुपारी वीसपंचवीस माणसं घशाच्या दवाखान्यामागच्या बोळात घुसली. दार आतून बंद होतं, म्हणून त्यांनी शेजारच्या खिडकीवर दगड टाकले. खिडकीखालच्या बाकावर एका पेशंटची म्हातारी आई बसली होती. तिला बाजूला ओढायला डॉक्टर धावल्या आणि काचेचा लांबट तुकडा त्यांच्या उजव्या तळहातात घुसला. म्हातारीला ओरखडाही आला नाही. डॉक्टरांची दोन बोटं मात्र हलेनाशी झाली. ऑपरेशन करणाऱ्या बाईचा उजवा हात म्हणजे काय, हे कुणाला वेगळं सांगायला नको.

आदल्या दिवशी दुपारी ‘खडे बोल’ नावाच्या ब्लॉगवर हा मजकूर आला होता, जसाच्या तसा: ‘डोंगरापलीकडून आलेली घशाची डॉक्टरण उद्या दुपारी दवाखन्यात असेल. मालाच्या दाराने आतशिरा, तिला फरफत बाहेर काढा आणि हाडं मोडून परत पाठवा.’

ब्लॉग चालवणारे गृहस्थ पाणीपुरवठा खात्यातले निवृत्त साहेब. आधी ते फुटलेल्या नळांबद्दल लिहायचे, तेव्हा त्यांना कुत्रं विचारत नव्हतं. मग दोन वर्षांपूर्वी ते डोंगरापलीकडून येऊन स्थायिक झालेल्यांबद्दल लिहायला लागले आणि वाचकांची रीघ लागली. पलीकडचे घाण करतात, पलीकडचे नोकऱ्या खातात, पलीकडच्यांना जिथून आले तिथे पाठवा. शहरानं त्यांचं आडनावच खडेबोलकर करून टाकलं होतं. डॉक्टर लहानपणी आईबापांचं बोट धरून पलीकडून आलेल्या, त्यामुळे आठवड्यातून एकदा तरी त्यांची पाळी यायची.

अशा लिखाणावर देखरेख ठेवणारं सरकारी मंडळ होतं, आणि त्या मंडळात तपास अधिकारी होत्या, त्यांना सगळे ताई म्हणत. शुक्रवारी सकाळी मंडळाच्या साहेबांनी ताईंना खोलीत बोलावलं.

"ताई, नव्या कायद्याचं पहिलंच प्रकरण, आणि काय खणखणीत आलंय! नेमकी व्यक्ती आहे, जागा आहे, वेळ आहे, मारहाणीची चिथावणी आहे. सोमवारी सुनावणी. ब्लॉग कायमचा बंद, आणि हा बाबा आत."

"साहेब, या तपासात मी नको," ताई हळू आवाजात म्हणाल्या. त्या सगळंच हळू आणि थोडकं बोलत. मागच्या वर्षी त्यांच्या स्वरयंत्रावरची गाठ काढली होती. "त्या माझ्या डॉक्टर आहेत. हा आवाज त्यांनी दिलेला आहे."

साहेब हसले. "अहो, या शहरात ज्याच्या घशात त्यांनी डोकावलं नाही असा अधिकारी मी आणू कुठून? त्यांचा पेशंट नसलेला एकच माणूस मला माहीत आहे, तो म्हणजे खडेबोलकर. त्याला नेमू का तपासावर?"

ताईंना नाही म्हणता आलं नाही. खरं सांगायचं तर म्हणायचंही नव्हतं. गाठ वाईट निघेल या भीतीनं त्या कित्येक रात्री जाग्या होत्या, आणि शुद्धीवर आल्यावर पहिला चेहरा डॉक्टरांचा दिसला होता. त्या उपकाराची फेड करायची संधी समोर आली होती. मनातल्या मनात त्यांनी खडेबोलकरांना शिक्षासुद्धा देऊन टाकली.

२

दार सुनेनं उघडलं. तिनं ताईंचं ओळखपत्र पाहिलं आणि आत वळून म्हणाली, "बाबा, मंडळाकडून आल्यात."

"येऊ दे, येऊ दे! सरकार स्वतः घरी आलंय." खडेबोलकर खिडकीजवळच्या खुर्चीत बसले होते, दोन्ही हात स्वेटरच्या खिशात. उठले नाहीत. आवाज जाडाभरडा, फाटक्या ढोलासारखा.

"मजकूर तुम्ही लिहिलात?"

"नाही."

"तुमच्याच फोनवरून गेलाय. तज्ज्ञांनी तपासलंय."

"गेला असेल. मी लिहिला नाही. संध्याकाळी दिसला तेव्हा मीच सुनेला काढायला लावला. तोवर गावभर झाला होता."

"बुधवारी दुपारी कुठे होतात?"

"फिरायला."

"भर उन्हात?"

"माझे पाय, माझं ऊन. त्यावरही कायदा केलात का?"

ताई गप्प राहिल्या. ऑपरेशननंतर त्यांना एक गोष्ट उमगली होती: आपण बोललो नाही की समोरच्याला राहवत नाही.

खडेबोलकरांनाही राहवलं नाही. "मी कडू बोलतो, मान्य. पण बोलणं हा गुन्हा कधीपासून झाला? आज माझं तोंड शिवाल, उद्या तुमच्या साहेबाला न आवडणाऱ्या दुसऱ्याचं. सुई एकदा हातात आली की शिवणारा थांबत नाही, बाई."

"एका बाईचा हात कापला गेलाय."

म्हाताऱ्याची मान खाली गेली. मग अगदी वेगळ्याच सुरात त्यानं विचारलं, "तो हात... वाचेल ना? ऑपरेशन करता येईल ना त्यांना पुन्हा?"

ताईंनी चमकून पाहिलं. त्या स्वरात टोमणा नव्हता. घाबरलेल्या माणसाचा स्वर होता तो.

सुनेनं चहा आणला. सासऱ्यांचा कप त्यांच्यासमोर ठेवला. तो तसाच निवत राहिला, पण खिशातले हात काही बाहेर आले नाहीत.

निघताना सून सोबत फाटकापर्यंत आली. "ताई, बाबांचं बोलणं ऐकून मलाही लाज वाटते. दिवसभर फोनशी बोलत बसतात, आणि मी स्वयंपाकघराचं दार लावून घेते. पण हाडं मोडा असं ते कधी म्हणाले नव्हते."

"बुधवारी?"

"दुपारच्या आधी बाहेर पडले. परत आले ते घुम्यासारखे. एरवी उंबऱ्यातूनच तोंडाचा पट्टा सुरू होतो. त्या दिवशी एक शब्द नाही, पाण्याचा घोटसुद्धा बऱ्याच वेळानं घेतला. मला वाटलं, चला, देव पावला."

"फोन घरी होता?"

"छे. तो त्यांच्याच खिशात असतो. नेलाच होता." बोलता बोलता तिचा चेहरा उतरला. "म्हणजे दुसऱ्या कुणी लिहायचा प्रश्नच नाही. ताई... मी आत्ता माझ्याच सासऱ्यांविरुद्ध साक्ष दिली का?"

३

डॉक्टर दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर राहत. दार त्यांच्या धाकट्या भावानं उघडलं. दवाखान्याचा बाहेरचा सगळा कारभार तोच पाहायचा: नाव नोंदवणं, औषधं मागवणं, आत जाणाऱ्या पेशंटचा फोन मागून घेऊन टेबलावरच्या टोपलीत ठेवणं. ताईंचा फोन कितीतरी वेळा त्या टोपलीत जाऊन आला होता. एरवी हसरा असलेला तो आज काळवंडला होता.

"तरी बरं, मालाचं दार मी सकाळीच आतून लावलं होतं," तो म्हणाला. "तिला म्हटलं, आज दवाखाना बंद ठेवू. ऐकते कुठे? पेशंट ताटकळतील म्हणे."

"घाबरला होतात."

"घाबरणार नाही? दोन वर्षं मी तुमच्याकडे तक्रारी केल्या, ताई. दर वेळी तुमच्याच सहीचं उत्तर. मजकूर द्वेषाचा आहे, पण त्यात नेमकी व्यक्ती नाही, जागा नाही, वेळ नाही, मारहाणीची चिथावणी नाही. कारवाई करता येत नाही. मला ती वाक्यं पाठ झालीत. आता आहे ना सगळं त्यात? आता मिळालं ना मंडळाला हवं होतं ते?"

ताईंना ते झोंबलं. कायदा तसाच होता, आणि तो तसा असावा असंच त्यांचं मत होतं. नुसत्या कडू बोलण्यावर सरकारनं हात घातला तर उद्या गोडच बोलावं लागेल. पण भावासमोर उभं राहून हे म्हणायला जीभ रेटेना.

डॉक्टर पलंगावर उशीला टेकून बसल्या होत्या. उजवा हात कोपरापर्यंत पट्ट्यांत. ताईंना पाहून त्या हसल्या. "आवाज कसा आहे? ओरडत नाही ना कुणावर?"

ताईंचे डोळे भरून आले. हिचा हात असा, आणि ही माझा घसा विचारते. "डॉक्टर, मी त्याला सोडणार नाही," त्या म्हणाल्या. "फोन त्याचा, ब्लॉग त्याचा. बुधवारी दुपारी, जेवणाच्या सुट्टीच्या सुमाराला त्यानं ते टाकलं. सगळं जुळतंय."

डॉक्टरांचं हसू विरलं. "कधी म्हणालात?"

"बुधवारी. जेवणाच्या सुट्टीत."

"गुरुवारी सकाळी नाही? मला तेव्हाच कळलं. नक्की?"

"नक्की. का?"

डॉक्टर खिडकीबाहेर बघत राहिल्या. दारात भाऊ पाण्याचा ग्लास घेऊन उभा होता. डॉक्टरांनी त्याच्याकडे पाहिलं, आणि त्यानं ग्लास स्टुलावर ठेवून नजर वळवली.

"मला जरा थकवा आलाय, ताई," डॉक्टर म्हणाल्या. "आज नको. आणि हे बघा, माझ्या कुठल्याही पेशंटबद्दल मी त्याच्या परवानगीशिवाय काही सांगेन, अशी अपेक्षा करू नका."

पेशंटबद्दल? ताईंनी तर पेशंटचं नावही काढलं नव्हतं.

४

शनिवारी मंडळाचं कार्यालय रिकामं होतं. ताईंनी ‘खडे बोल’चा जुना मजकूर वाचायला घेतला. वाचता वाचता त्या अडखळल्या. ‘या लोकांनी सगळ्या गावात गहाण केली आहे.’ गहाण? पुढे, ‘आमच्या नळाला मंद पाणी’, आणि ‘हे सरकार भैरव झालं आहे’. आधी त्यांना वाटलं, म्हाताऱ्याचं शुद्धलेखन कच्चं. पण छे, एकही शब्द मोडका नव्हता. प्रत्येक शब्द धडधाकट, फक्त चुकीच्या जागी. त्यांनी ती वाक्यं मोठ्यानं म्हणून पाहिली, आणि हसूच आलं. गावात घाण केली आहे. नळाला बंद पाणी. सरकार बहिरं झालं आहे.

ही लिहिण्यातली चूक नव्हती. ऐकण्यातली होती. दिवसभर फोनशी बोलत बसतात, सून म्हणाली होती. खडेबोलकर लिहीतच नव्हते. ते बोलत होते, आणि फोन लिहून घेत होता. घसा जाड झालेला, म्हणून अलीकडे फोनला कमी कळत होतं.

मग त्यांनी बुधवारचा मजकूर शेजारी ठेवला. डॉक्टरण. दवाखन्यात. आतशिरा. फरफत. इथे अक्षरंच गळली होती, एका ठिकाणी मधली जागाही. घाईघाईत चालणारी बोटं खातात तशी. फोननं चुकीचं ऐकलं तरी तो ‘फरफत’ असा मोडका शब्द लिहिणार नाही. तो अख्खा शब्दच बदलेल. हा मजकूर कुणीतरी बोटांनी लिहिला होता.

आणि तो स्वेटरच्या खिशातला हात चहाच्या कपापर्यंतसुद्धा गेला नव्हता.

ताई तडक खडेबोलकरांकडे गेल्या. सुनेला सर्दी झाली होती. तिनं कुजबुजतच ‘या’ म्हटलं.

"एकच विचारते," ताई खडेबोलकरांना म्हणाल्या. "मालाचं दार म्हणजे कुठलं?"

"तेच मलाही कळेना! दवाखान्यात कुठला आलाय माल? मी म्हटलं, गोदाम आहे की काय."

"तुला माहीत आहे?" ताईंनी सुनेला विचारलं.

"नाही हो," ती पुन्हा कुजबुजली.

म्हातारा एकदम खेकसला. "किती वेळा सांगितलं, कुजबुजू नकोस! कुजबुज घशाला बोलण्याहून वाईट. बोलायचं तर नीट बोल, नाहीतर गप्प राहा. आवाज पाहुणा असतो, त्याला राबवायचा..."

आणि तो थांबला. पण उशीर झाला होता.

"...राबवायचा नाही आणि रुसूही द्यायचा नाही," ताईंनी वाक्य पुरं केलं. त्यांच्या अंगावर शहारा आला. मागच्या वर्षी दर आठवड्याला त्यांनी हे वाक्य ऐकलं होतं. अख्ख्या शहरात ते एकच माणूस म्हणायचं. "काका, तुम्ही कधीपासून त्यांच्याकडे जाताय?"

खडेबोलकरांचा चेहरा पांढराफटक पडला. ते काही बोलणार, एवढ्यात दारावरची घंटा वाजली. सुनेनं दार उघडलं आणि एक पाऊल मागे सरकली.

उंबऱ्यात डॉक्टर उभ्या होत्या, हात गळ्यात बांधलेला, एकट्या.

५

"मला तुमची परवानगी हवी आहे," डॉक्टर खडेबोलकरांना म्हणाल्या. त्या आत येऊन बसल्याही नाहीत. "पेशंट आला, गेला, त्याला काय झालंय, हे मी त्याच्या संमतीशिवाय कुणालाही सांगू शकत नाही. मंडळालाही नाही. पण मी गप्प राहिले तर सोमवारी तुम्हाला न केलेल्या गोष्टीची शिक्षा होईल. मला बोलू द्या."

ताईंच्या मनात आलं, या बाईला नुसतं घरी बसून राहायचं होतं. नियमही तिच्या बाजूला होता. दोन वर्षं जो तिला शहराबाहेर काढा म्हणून ओरडला तो परस्पर गेला असता.

"नको," खडेबोलकर म्हणाले. "तुम्ही नको. मी बोलतो."

त्यांनी खिशातून हात बाहेर काढले. दोन्ही हात वाऱ्यावरच्या पानांसारखे थरथरत होते. सुनेनं तोंडावर पदर धरला. तिला अर्थातच माहीत होतं, पण परक्यांसमोर ते हात तिनं कधी पाहिले नव्हते.

"या हातांनी मला बटणं लावता येत नाहीत. म्हणून फोनला सांगायचो. त्याचं कुलूपही काढून टाकलं, बोट बसत नाही म्हणून. मग आवाजही बसायला लागला. आवाज गेला तर ब्लॉग गेला, माझ्याकडे उरतं काय? शहरात घशाच्या डॉक्टर याच एक. दोन महिने झाले. जेवणाच्या सुट्टीत जायचो, कुणी बघू नये म्हणून. स्वरयंत्रावर गाठ आहे. बुधवारी यांनी घसा बधिर केला, नळी घातली, पाहिलं, आणि सांगितलं, ऑपरेशन लागेल. पुढच्या आठवड्यात करू म्हणाल्या."

"आणि हे तुम्ही मला सांगितलं नाहीत? बुधवारी तुम्हाला बोलताच येत नव्हतं!" ताई म्हणाल्या.

"काय सांगू? ज्या बाईला हाकला म्हणून रोज लिहितो, तिच्याच पुढ्यात आ वासून बसतो? तुरुंगात निदान मान ताठ राहिली असती."

ताई डॉक्टरांकडे वळल्या. "तुम्हाला ठाऊक होतं हे कोण ते?"

"पहिल्याच दिवसापासून. नाव ऐकलं की कळतंच."

"आणि हा घसा कशाकरता वापरला जातो तेही?"

"ताई, घसा बरा करताना मी तो पुढे काय बोलेल ते विचारत नाही. विचारायला लागले तर ज्याला माझं कौतुक करायचं नाही त्याला मी मुका ठेवीन. मग मी डॉक्टर कसली?"

आता उरलेलं ताईंनाच बोलायचं होतं. हात थरथरतात, म्हणजे यांनी टाइप केलं नाही. घसा बधिर, म्हणजे फोनला सांगितलंही नाही. पण मजकूर गेला तो यांच्याच फोनवरून, आणि फोन त्या वेळी बिनकुलपाचा, टेबलावरच्या टोपलीत. लिहिणाऱ्यानं मागच्या दाराला मालाचं दार म्हटलं. वर्षभर येणाऱ्या ताईंना ते बोळातलं दार होतं, या म्हाताऱ्याला तर ते माहीतही नव्हतं. मालाचं दार त्या घरातली माणसं म्हणत, जी तिथून औषधांचे खोके उतरवून घेत. आणि मजकूर कसा? व्यक्ती, जागा, वेळ, मारहाण. खडेबोलकरांच्या मोकाट बडबडीत हे चारही कधी एकत्र आले नव्हते. ताईंची उत्तरं पाठ असलेल्या माणसानंच ते एकेक करून बसवले असणार.

"त्या वेळी टोपलीजवळ कोण होतं?" त्यांनी शेवटी विचारलं.

"परिचारिका जेवायला गेली होती," डॉक्टर म्हणाल्या. त्यांचा आवाज स्थिर होता, डोळे नव्हते. "तिथे एकटा माझा भाऊ होता. आपलेच दात आणि आपलेच ओठ, ताई."

६

भाऊ दवाखान्यात फुटक्या खिडकीला फळी ठोकत होता. ताई एकट्या आत आल्या, आणि त्यांनी काही विचारायच्या आधीच त्यानं हातोडी खाली ठेवली.

"ताई गेली होती ना त्यांच्याकडे?" बहिणीलाही तो ताईच म्हणायचा. "निघताना तिनं माझ्याकडे पाहिलं, तेव्हाच कळलं."

तो बाकावर बसला, जिथे ती म्हातारी बसली होती. "तो आत बसलेला. जो हिला घाण म्हणतो तो. आणि ही त्याला जपून तपासत होती. टोपलीत त्याचा फोन उजळला, कुणीतरी शाबासकी दिली होती त्याच्या आदल्या दिवशीच्या शिव्यांना. माझं डोकं फिरलं. तुमची वाक्यं पाठ होतीच. तुम्हीच शिकवलंत रेषा कुठे आहे ते. मी त्याला ती ओलांडायला लावली. लगेच तक्रारही केली. वाटलं, संध्याकाळपर्यंत तुम्ही ब्लॉग बंद कराल आणि सुटलो. खरोखर माणसं येतील असं स्वप्नातही वाटलं नव्हतं."

ताई त्याच्या शेजारी बसल्या. रागवावं की रडावं कळत नव्हतं. "अशा शब्दांनी एक दिवस माणसं येतील, हेच तर तुम्ही आम्हाला दोन वर्षं कळवत होतात."

त्यानं दोन्ही हातांत तोंड लपवलं. "तिचा हात... मी तिचा हात तोडला हो."

बऱ्याच वेळानं तो उठला, तोंड धुऊन आला आणि म्हणाला, "चला. आणि उपकार झाले, तुम्ही आलात. हे पोटात ठेवून तिच्या हाताची पट्टी बदलणं मला झेपत नव्हतं."

७

साहेब हिरमुसले. "म्हणजे आपलं पहिलं प्रकरण गेलं पाण्यात! ब्लॉग बंद करायचा की नाही मग?"

"या मजकुरासाठी नाही. तो त्यांचा नाही."

"आणि आधीचा?"

"तो वाईट आहे. पण वाईटाला उत्तर द्यावं लागतं, साहेब. ते आपल्या शिक्क्याचं काम नाही. आपलं काम वेगळं होतं, आणि ते आपण केलं नाही. धमकीची तक्रार बुधवारी दुपारीच आली होती. ती गुरुवारी दुपारपर्यंत टेबलावर पडून राहिली. कुणाचं तोंड शिवायची घाई नको, पण धमकी तक्रार येताच उतरवायची सोय हवी. ती असती तर हात वाचला असता." एवढं लांब ताई वर्षभरात बोलल्या नव्हत्या. साहेबांनी कुरकुरत का होईना, ते लिहून घेतलं, आणि पुढे तशी सोय झालीसुद्धा.

भावावर खटला चालला. त्यात खडेबोलकर न बोलावता साक्षीला आले. त्यांच्या वाचकांपैकी बरेच जण मजा बघायला जमले होते. म्हाताऱ्यानं कठड्यावर दोन्ही हात उघडे ठेवले आणि खरखरत सांगितलं, "त्या दुपारी मी याच्या बहिणीच्या खुर्चीत होतो. दोन वर्षं मी या पोराच्या हातात रोज एक काडी देत होतो. त्यानं एक पेटवली. शिक्षा द्यायची तर द्या, पण काडेपेटी कुणाची होती तेही लिहून घ्या." न्यायाधीशांनी शिक्षा दिली, पण सौम्य. जमलेल्या वाचकांतले कितीतरी त्या दिवसापासून ‘खडे बोल’कडे फिरकले नाहीत. जुना मजकूर कुणी काढा म्हटलं नव्हतं. तो खडेबोलकरांनी स्वतः, सुनेला शेजारी बसवून, एकेक करून काढला. नळांबद्दलचा तेवढा ठेवला.

गाठीचं ऑपरेशन मात्र रखडलं. दुसऱ्या शहरात जा, असं डॉक्टरांनी दोनदा सुचवलं. गाठ धीम्या गतीची आहे, पण उगाच वाट का बघता, म्हणाल्या. "मी थांबतो," खडेबोलकर म्हणाले. "तुमची बोटं चालायला लागली की करा. तोवर मी कमी बोलतो. बऱ्याच जणांची सोय होईल."

बोटं हळूहळू चालायला लागली. आधी चमचा धरता आला, मग पेन, मग सुई. भाऊ शिक्षा भोगून आला तेव्हा डॉक्टरांनी त्याला जेवायला वाढलं ते उजव्या हातानं. तो पहिला घास बराच वेळ तोंडात घोळवत राहिला.

ऑपरेशनच्या दिवशी ताई सुटी घेऊन सुनेबरोबर बाहेर बसल्या. सुनेला म्हणाल्या, "मला त्या उपकाराची फेड करायची होती गं, तुझ्या सासऱ्यांना आत टाकून. बरं झालं, डॉक्टरांनीच मला ती करू दिली नाही."

सून त्यांचा हात धरून बसली होती. दार उघडलं तेव्हा दोघी एकदमच उठल्या.

"निघाली," डॉक्टर म्हणाल्या. टोपीखाली त्यांचं कपाळ घामेजलं होतं आणि चेहरा नुसता उजळला होता. "साधी गाठ आहे. काळजीचं काही नाही. आवाज परत येईल, पहिल्यासारखा."

सून रडली. मग तिनं वाकून डॉक्टरांच्या पायांना हात लावायचा प्रयत्न केला, आणि डॉक्टरांनी तिला खांद्यांना धरून वर उचललं, दोन्ही हातांनी, घट्ट.

"पण एक पथ्य," त्या म्हणाल्या. "पंधरा दिवस एक शब्दही बोलायचा नाही त्यांनी."

सुनेनं डोळे पुसले, आतल्या दाराकडे एकदा पाहिलं आणि हात जोडले.

"डॉक्टर," ती म्हणाली, "महिना म्हणा ना!"